इंजिनाशेजारचा रंग टिकतो कशाने?

जुनी मोटार हौसेने जपणारा गृहस्थ रंगाच्या दुकानात गेला, की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : “सर्वांत टिकाऊ रंग कोणता?” दुकानदारही बहुधा सर्वांत महाग डबा पुढे करतो. रंग लागतो, झळकतो आणि दोन पावसाळे गेल्यावर बॉनेट उघडावे तो ठिकठिकाणी पापुद्रे निघालेले दिसतात. मग दोष रंगाच्या माथी येतो. वस्तुतः विचारलेला प्रश्नच अपुरा होता. रंग टिकाऊ हवा खरा. पण कशापुढे टिकाऊ, हे आधी ठरवावयास हवे. मोटारीच्या बाह्यांगाला ऊन व पाऊस सोसावे लागतात. बॉनेटखालच्या पत्र्याला मात्र उष्णता, तेल, पेट्रोल, बॅटरीतील आम्ल, ब्रेकचे तेल आणि कोंदलेला दमटपणा अशा अनेक शत्रूंशी एकाच वेळी झुंजावे लागते.

ही गोष्ट केवळ शोभेची नाही. आपल्याकडे पुष्कळांनी जपून ठेवलेल्या अॅम्बॅसडर गाडीचेच उदाहरण घ्यावे. मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेवरून बेतलेल्या या गाडीचे उत्पादन २०१४ साली थांबले. मालमोटारीला असते तशी वेगळी पोलादी चासी या गाडीला नाही. पत्र्याचे धडच सारा भार वाहते. म्हणून इंजिनाच्या कप्प्यातील पत्रा रंगाखाली कुजला, तर गाडीचे रूप जाते इतकेच नव्हे, तिचे बळही जाते. गोव्याच्या व कोकणच्या खाऱ्या हवेत हे कुजणे अधिकच वेगाने होते. कारण लोखंड, पाणी व प्राणवायू यांच्या संयोगाने गंज चढत असता मीठ त्या क्रियेला हातभार लावते.

प्रथम उष्णतेचा विचार करू. इंजिनात फिरणारे पाणी सामान्यतः ९० अंश सेल्सिअसच्या आसपास तापते. त्यामुळे इंजिनाचा ओतीव ठोकळा तापला, तरी चांगले सिंथेटिक इनॅमल किंवा इंजिनासाठी मुद्दाम बनविलेले इनॅमल तेथे तग धरते. जळका धूर बाहेर नेणाऱ्या नळकांड्याची, म्हणजे एक्झॉस्ट मॅनिफोल्डची, गोष्ट निराळी. तेथील उष्णता कित्येकशे अंशांवर जाते. साधा रंग तेथे करपून गळून पडतो. त्याच्याखाली नेहमीचे अस्तर दिले असेल तर तेही जळते. त्या जागी अॅल्युमिनियमची पूड मिसळलेला सिलिकोन-राळेचा उष्णतारोधक रंगच हवा. तो उघड्या, घासून स्वच्छ केलेल्या धातूवर पातळ द्यावा आणि डब्यावरील सूचनेप्रमाणे टप्प्याटप्प्याने तापवून पक्का करावा. केवळ हवेत वाळल्याने त्याचे पूर्ण बळ प्रकट होत नाही.

आता पत्र्याकडे वळू. येथे तीन जातींचे रंग भेटतात. पहिली जात नायट्रोसेल्युलोज लॅकरची. १९२० नंतरच्या दशकात ‘ड्युको’ या नावाने तो मोटारींवर आला आणि कित्येक दिवसांचे रंगकाम काही तासांवर आले. आपल्याकडील कारागीर अजूनही या जातीला ड्युकोच म्हणतात. तो केवळ थिनर उडून गेल्याने वाळतो, म्हणूनच पुन्हा थिनर लागताच विरघळतो. बाहेरून पॉलिश करण्यास तो सोपा, पण बॉनेटखाली फारसा उपयोगाचा नाही. दुसरी जात सिंथेटिक इनॅमलची. तो हवेतील प्राणवायू शोषून हळूहळू कडक होतो. तेलाला व किंचित पेट्रोलला तो दाद देत नाही, ब्रशानेही लावता येतो. मात्र पुरता पक्का होण्यास त्याला दिवस नव्हे, आठवडे द्यावे लागतात. तिसरी जात दोन डब्यांच्या पॉलियुरेथेन रंगाची. रंगात हार्डनर मिसळताच रासायनिक क्रिया सुरू होते आणि जो थर बनतो, तो सहसा विरघळत नाही. इंधन, तेल व घर्षण यांपुढे तिघांत हाच सरस ठरतो.

तरीही एका शत्रूपुढे त्यालाही निर्धास्त राहता येत नाही. ग्लायकॉल जातीचे ब्रेकचे तेल जुन्या रंगाला अक्षरशः सोलून काढते. मास्टर सिलिंडरच्या खालचा पत्रा बहुधा याच कारणाने प्रथम उघडा पडतो. हे तेल पाण्यात मिसळते. म्हणून सांडताच पुष्कळ पाण्याने धुऊन टाकणे हा सर्वांत स्वस्त उपाय. गळती न थांबविता रंग देणे मात्र व्यर्थ आहे. आणि ब्रेकचे तेल गळत असेल, तर तो प्रश्न रंगाचा नसून जिवाचा आहे. बॅटरीखालच्या तबकाची हीच कथा. तेथील आम्ल खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने मारून, धुऊन व वाळवून मगच इपॉक्सीचा थर द्यावा.

इतके झाले तरी रंगाचे आयुष्य डब्यातून येत नाही. ते खालच्या पृष्ठभागातून येते. येथे क्रमाला महत्त्व आहे. आधी मेण व तेल काढावे, मग घासावे. हा क्रम उलटला, तर पॉलिश पेपर तेलाचा अंश ओरखड्यांत रगडून बसवितो. रॉकेलने पुसून थांबू नये. रॉकेलचाही चिकट लेप मागे राहतो, म्हणून साबणाच्या पाण्याने धुणे अवश्य. जुन्या रंगात शिसे असण्याचा संभव असतो. तेव्हा कोरडे घासून धूळ उडविण्यापेक्षा पाण्याने ओले ठेवून घासावे आणि मुले जवळ येऊ देऊ नयेत. गंज चांदीसारखा पत्रा दिसेपर्यंत काढावा. खळग्यांत उरलेल्या गंजावर फॉस्फोरिक आम्लाचे द्रावण देता येते. त्याचा अवशेष मात्र सांगितल्याप्रमाणे काढून टाकावा. त्यावर दोन डब्यांचे इपॉक्सी अस्तर द्यावे. साधे रेड ऑक्साइड स्वस्त खरे, पण ते सच्छिद्र असल्याने नुसते ठेवल्यास ओल आत घेते. जुन्या इनॅमलवर लॅकर कधी फवारू नये. त्यातील तीव्र थिनरने खालचा थर सुरकुततो.

हवामानही पाहिले पाहिजे. भर पावसाळ्यात लॅकर फवारला, तर थिनर झपाट्याने उडताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर हवेतील बाष्प जमते आणि रंग पांढुरका पडतो. कारागिराचा हात कितीही तयार असला तरी दमट हवा त्याला हरविते. दिवाळीनंतरचे कोरडे दिवस या कामाला उत्तम.

दोन डब्यांचा रंग निवडणाऱ्याने आणखी एक गोष्ट विसरू नये. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाची द्रव्ये असतात. फवाऱ्यातून ती फुप्फुसांत गेली, तर दम्याचा कायमचा विकार जडू शकतो. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा साधा कापडी मास्क त्यांना अडवीत नाही. बाहेरून स्वच्छ हवा पुरविणारे साधन व मोकळी हवेशीर जागा हवी. ज्या गॅरेजमध्ये ही सोय नाही, तेथे मालकाने हा रंग मागू नये. तेथे सिंथेटिक इनॅमल ब्रशाने लावून पुरेसे दिवस वाळू देणे हेच शहाणपणाचे. गाडीची दोन वर्षे अधिक शोभा राखण्यासाठी रंगाऱ्याच्या श्वासाची किंमत देणे कोणालाही शोभणार नाही.

शेवटी, कोठे रंग लावू नये हेही ठरवावे. बॅटरीची अर्थिंगची पट्टी जेथे पत्र्याला बसते ती जागा धातूची उघडीच राहावी. अन्यथा विजेचा मार्ग अडतो. रबरी नळ्या, कार्बोरेटरचे हलणारे भाग आणि चासी क्रमांकाची पाटी झाकून ठेवावी. रेडिएटरवर जाड थर चढविला, तर उष्णता बाहेर पडण्यास अडथळा होतो. तेथे काळ्या रंगाचा अगदी पातळ हात पुरे.

तेव्हा एकाच डब्यात सारी उत्तरे शोधणे सोडावे. मॅनिफोल्डला उष्णतारोधक रंग, ठोकळ्याला इनॅमल, पत्र्याला इपॉक्सी अस्तरावर सोसेल तो रंग, अशी वाटणी केली म्हणजे खर्चही बेताचा राहतो. पुढे महिन्यातून एकदा बॉनेट उघडून फडक्याने पुसावे. स्वच्छ पत्र्यावर गळतीचा पहिला थेंब लगेच दिसतो, आणि थेंब दिसला की त्याचे कारण शोधता येते.