सुजतो गुडघा, तपासायचे डोळे

तीन वर्षांची मुलगी सकाळी उठल्यावर लंगडते आणि दुपारी अंगणभर पळते. घरात म्हणतात, वाढीचं दुखणं असेल. मग गुडघा सुजतो, तपासण्या होतात, बालसंधिवाताचं निदान होतं. त्यातच डॉक्टर नेत्रतज्ज्ञाकडे चिठ्ठी देतात आणि आईबाप बुचकळ्यात पडतात. बराचसा घोळ इथूनच सुरू होतो, कारण ती चिठ्ठी पर्समध्येच राहते.

गुडघ्याचा डोळ्याशी काय संबंध?

सोळा वर्षांच्या आत सुरू झालेली, निदान सहा आठवडे टिकलेली आणि दुसरं कारण न सापडलेली सांध्यांची सूज म्हणजे हा बालसंधिवात, डॉक्टरांच्या भाषेत जेआयए. प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते. अशा साधारण १० ते २० टक्के मुलांच्या डोळ्यांत, बुबुळाच्या भागातही सूज येते. तिला युव्हियायटिस म्हणतात. लहान वयात आजार जडलेली, मोजकेच सांधे सुजलेली आणि रक्तात एएनए (स्वतःच्याच पेशींविरुद्धची प्रतिपिंडं) सापडलेली मुलं जास्त धोक्यात. त्यांत मुली अधिक.

तक्रारच नसते

ही सूज गुपचूप येते. डोळा पांढराशुभ्र, दुखणं नाही, पाणी नाही. एका डोळ्याला धूसर दिसलं तरी दुसरा काम भागवतो, आणि एवढ्याशा पोराला ते सांगता थोडंच येतं? चष्म्याच्या दुकानातला अक्षरांचा तक्ता इथे कामाचा नाही. डोळ्याच्या आतल्या पाण्यात तरंगणाऱ्या पेशी फक्त नेत्रतज्ज्ञाकडच्या स्लिट लॅम्प या सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात.

टाच आणि कंबर दुखणाऱ्या, एचएलए-बी२७ हे जनुक असलेल्या थोड्या मोठ्या मुलांचं मात्र उलट. त्यांचा डोळा अचानक लाल होतो, ठणकतो, उजेड सोसत नाही. तेव्हा त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

उशीर झाला तर

बुबुळ मागच्या भिंगाला चिकटतं आणि बाहुली वेडीवाकडी होते. पारपटलावर कॅल्शियमचा पांढरा पट्टा चढतो. मोतीबिंदू, काचबिंदू होतो. आईला बाहुली वाकडी दिसते तेव्हा सूज बहुधा जुनी झालेली असते.

उपचार

सुरुवात स्टिरॉइडच्या थेंबांनी. पण हेच थेंब फार काळ चालले तर मोतीबिंदू होतो, डोळ्यातला दाबही वाढतो. म्हणून पुढे मेथोट्रेक्सेट हे प्रतिकारशक्ती आवरणारं औषध देतात. ते आठवड्यातून एकदाच. रोज दिलं तर जिवावर बेतू शकतं. तेवढ्याने भागलं नाही तर अ‍ॅडालिमुमॅबची इंजेक्शनं.

तारखा

जास्त धोक्याच्या मुलांची तपासणी दर तीन महिन्यांनी, बाकीच्यांची सहा ते बारा महिन्यांनी. सूज सापडली किंवा औषध कमी केलं तर त्याहून लवकर. गुडघा बरा झाला म्हणून डोळा सुटला असं नाही. दोघांचं वेळापत्रक वेगळं असतं. पुढची तारीख फायलीवर लिहून घेतल्याशिवाय दवाखान्यातून निघू नका.