झाडांची कुळकथा : भूर्जातला संकर

कारध्याच्या पुलापाशी वैनगंगेने २४५.५ मीटरची पातळी ओलांडली, की भंडाऱ्यात धोक्याचा इशारा दिला जातो. हा आकडा समुद्रसपाटीपासूनच्या उंचीचा आहे. भूर्जवृक्षाला हिमालयात साधारण तीन हजार मीटरच्या वरची जागा लागते. त्यामुळे वैनगंगेकाठी ऐन आणि अर्जुन वाढतात, भूर्ज दिसायचा नाही. तरी मराठी माणसाला तो अनोळखी नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत शारदा लिपीतली ऋग्वेदाची एक पोथी भूर्जाच्या सालीवर लिहिलेली आहे. युनेस्कोने २००७ साली जागतिक स्मृती-नोंदीत घेतलेल्या ३० ऋग्वेद-पोथ्यांत तिचा समावेश आहे.

या कुळाला शुद्धतेचं मात्र फारसं सोयरसुतक नाही. एकाच झाडावर नरफुलांचे लोंबते तुरे आणि मादीफुलांचे छोटे तुरे असतात. पराग वाहून नेण्याचं काम वारा करतो, आणि वारा जातपात बघत नाही.

युरोपातलंच उदाहरण घ्या. तिथला रुपेरी भूर्ज आणि लवदार भूर्ज अनेक ठिकाणी शेजारी वाढतात. रुपेरीच्या कोवळ्या फांद्यांवर राळेचे बारीक खवले असतात आणि पानाच्या कडेला दुहेरी दाते. लवदारच्या फांद्यांवर मऊ लव, पानाचे दाते बरेचसे एकसारखे. दोघांचा संकर म्हणजे ‘बेट्युला × ऑराटा’. नावातली फुली संकराची खूण. त्याच्यात दोघांच्या खुणा अशा मिसळतात, की नुसतं पान पाहून निवाडा करायला जाणारा हमखास फसतो. त्यातून लवदार भूर्ज स्वतःच भलता बहुरूपी!

खरा निकाल लागतो पेशीत. रुपेरी भूर्जाची गुणसूत्रं २८, लवदारची ५६. पहिल्याकडून १४ आणि दुसऱ्याकडून २८ आली, की संकराची होतात ४२, म्हणजे १४-१४चे तीन संच. पराग किंवा बीजांड घडताना गुणसूत्रांच्या जोड्या लागाव्या लागतात. तीन संचांत त्या नीट लागत नाहीत. म्हणून बहुतेक बिया पोचट निघतात. जळगावच्या केळ्यात बी का नसते, याचं एक कारण हेच: तेही तीन संचांचं.

पण हा वांझपणा पुरता नसतो. आइसलंडमध्ये बुटका भूर्ज आणि लवदार भूर्ज यांच्या संकरांचीही गुणसूत्रं ४२ भरली. केसरा अनामथावत-यॉन्सन आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासातून दिसलं, की हेच संकर पुलासारखे वापरून एका जातीची जनुकं दुसरीत शिरतात.

आपला हिमालयी भूर्जही याला अपवाद नाही. पांढऱ्याशुभ्र सालीसाठी तो युरोपातल्या बागांत लावतात. पण तिथे गोळा केलेल्या बियांतून अनेकदा संकर रोपं उगवतात. म्हणून रोपवाटिका निवडक वाणांची कलमंच बांधतात. अस्सल वंश हवा तर तो हिमालयातल्या रानातच. तेव्हा गोमुखाच्या वाटेवर भोजबासाला थांबलात, तर आठवण म्हणून त्याची साल सोलू नका.