साइडकार जोडलीय आणि हात भरून येतात?

काल एक काका नवी साइडकार लावलेली बुलेट घेऊन आले. तक्रार नेहमीचीच: "गाडी सारखी डावीकडे ओढते, खांदे दुखतात."

आधी हे समजून घ्या, की तिसरं चाक लागलं की गाडी झुकत नाही. हँडल खरोखर वळवावं लागतं. गॅस दिला की ती साइडकारकडे ओढते, ब्रेक दाबला की उलट बाजूला. एवढं राहणारच. पण सपाट रस्त्यावर एका वेगात जातानाही ओढत असेल, तर सेटिंग चुकलंय.

बुलेटच्या दोन्ही चाकांना सरळ फळी लावा, दुसरी साइडकारच्या चाकाला. दोन फळ्यांमधलं अंतर पुढे मागच्यापेक्षा साधारण 2 सेंमी कमी हवं. बुलेट उभी बघितली तर साइडकारपासून किंचित बाहेर, म्हणजे उजवीकडे कललेली हवी. हे मोजताना गाडीवर माणूस बसवा! रिकाम्या गाडीचं माप फसवं.

हँडल जड वाटत असेल तर रुंद हँडलने बराच फरक पडतो. खरा इलाज लीडिंग लिंक फोर्क, रशियन उरलला असतो तसा. खर्चिक आहे, पण मी तरी गादीआधी त्यावरच पैसे घालीन.

साइडकार रिकामी असेल तर डावं वळण जपून, चाक उचलतं. तळाशी वाळूची गोणी बांधून ठेवा.

आणि आरटीओची परवानगी आधी. मोटार वाहन कायद्याचं कलम 52.

तुमची कुठल्या बाजूला ओढते? फोटोसकट विचारा.