लिहिलेलं राहील असं ॲप

नेपानगरच्या माणसाला कागदाचं महत्त्व सांगायला नको. आमचं गावच मुळी कागदासाठी वसलं. देशात तयार झालेला पहिला वृत्तपत्राचा कागद १९५५ मध्ये इथल्या मिलमधून बाहेर पडला आणि १९५६ मध्ये पंडित नेहरू उद्घाटनाला आले. सलईचं लाकूड आणि बांबू यांच्या लगद्यापासून तो कागद होत असे. पुढे २०१६ मध्ये यंत्रं थांबली, ती नव्या यंत्रसामग्रीसह २०२२ च्या ऑगस्टमध्ये पुन्हा सुरू झाली. पण वाचकहो, अशा कागदाच्या गावातही आज वाणसामानाच्या यादीपासून भिशीच्या हिशेबापर्यंत सगळं मोबाइलवरच लिहिलं जातं. मग ते लिहायचं कशात, हा प्रश्न घरोघरी पडणारच.

आमच्या घरी तो नानांमुळे पडला. नाना म्हणजे माझे सासरे. मिलमध्ये नोकरी करून निवृत्त झाले, आता ऐंशी ओलांडली आहे. हात थरथरतो, त्यामुळे पेन धरवत नाही. पण डोक्यात आठवणींचा साठा आहे. खानदेशातून, वऱ्हाडातून कामाला आलेली माणसं, पाळ्या, क्वार्टर्समधले गणपती. हे सगळं लिहायचं त्यांनी मनावर घेतलं. मोबाइलवर अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं आणि बोललं की मराठीत उमटतं, हे नातवाने दाखवल्यावर तर त्यांना हुरूपच आला. विरामचिन्हं तेवढी मागाहून मी घालते.

ॲप निवडायचं काम माझ्याकडे आलं, आणि मी जरा सावध होते. कारण शेजारच्या काकूंचं उदाहरण ताजं होतं. काकूंनी त्यांच्या आईच्या अहिराणी ओव्या एका रंगीबेरंगी वहीच्या ॲपमध्ये लिहून ठेवल्या होत्या. पानांवर फुलं काय, वेलबुट्टी काय! फोन अडकायला लागला तेव्हा कुणीतरी सल्ला दिला, ॲप काढा आणि पुन्हा टाका. काकूंनी तसं केलं. ॲप परत आलं, फुलंही आली, ओव्या मात्र आल्या नाहीत. आई तर आधीच गेलेली. आता विचारायचं कुणाला?

असं का होतं, ते समजून घेण्यासारखं आहे. अँड्रॉइड फोनमध्ये प्रत्येक ॲपला स्वतःचा एक खासगी कप्पा मिळतो. तुम्ही लिहिलेलं त्या कप्प्यात राहिलं, तर ॲप काढताना कप्पाही पुसला जातो. २०२० मध्ये आलेल्या अँड्रॉइड ११ पासून तर असे कप्पे दुसऱ्या ॲपला उघडताही येत नाहीत. सुरक्षेसाठी ते ठीकच आहे, पण ओव्यांसाठी नाही. म्हणून ॲप दिसतं कसं यापेक्षा, मी लिहिलेलं कुठे ठेवतं, हे आधी विचारायचं. उत्तर हवं ते असं : फोनच्या डॉक्युमेंट्स फोल्डरमध्ये, साध्या टीएक्सटी फाइलमध्ये. अशी फाइल कोणत्याही फोनवर, कोणत्याही संगणकावर उघडते. तिला जागाही फार लागत नाही. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या एका चिन्हाला तीन बाइट लागतात. म्हणजे एक लाख चिन्हांचा मजकूर झाला जेमतेम तीनशे केबीचा. लग्नातला एक फोटो त्याहून जड असतो.

परीक्षा सोपी आहे. इंटरनेट बंद करा. नव्या ॲपमध्ये चार ओळी लिहा, सेव्ह करा. मग फोनच्या फाइल मॅनेजरमध्ये जाऊन ती फाइल दिसते का पाहा आणि दुसऱ्या ॲपमध्ये उघडून बघा. उघडली, तर पास. आणि हो, साधं लिहिण्याचं ॲप तुमचे संपर्क किंवा ठावठिकाणा मागत असेल तर त्याला दारातूनच परत पाठवा. फाइल ठेवण्याची परवानगी मागणं रास्त आहे, मावशीचा नंबर कशाला हवा?

चार-पाच ॲप चाळून मी मार्करवर थांबले. फुकट आहे, जाहिराती नाहीत, इंटरनेट लागत नाही, अक्षर मोठं होतं. एफ-ड्रॉइड या मुक्त ॲपच्या दुकानात ते मिळतं. तिथून घेताना फोन एकदा 'खात्री आहे ना' असं विचारतो, तेवढं एखाद्या जाणत्याकडून करून घ्यावं. नवी फाइल करताना प्रकार मात्र टीएक्सटी निवडायचा. क्विकएडिटही चांगलं, विशेषतः जुनी फाइल उघडून तिची लिपीपद्धत बदलायची असेल तर. फुकटच्या आवृत्तीत जाहिराती येतात, पण त्या नजरेआड करता येतात. गुगल कीप यादीसाठी उत्तम. फोन हरवला तरी मजकूर खात्यात राहतो, ही त्याची मोठी जमेची बाजू. पण लांबलचक लिखाणासाठी ती जागा नव्हे. लांब लिहायचं आणि हरवण्याचीही भीती, तर गुगल डॉक्स घ्या, मात्र महिन्यातून एकदा तिथून साध्या मजकुराची प्रत फोनमध्ये उतरवून घ्या.

आता मराठीची गोष्ट. ॲप आणि कीबोर्ड या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. आपल्या सीमेवरच्या भागात फोन बहुधा हिंदीत लावलेला असतो. मग 'पाणी' लिहिलं की तो 'पानी' सुचवतो, 'शाळा' लिहिली की 'शाला'. दोष ॲपचा नाही. जीबोर्डमध्ये मराठी ही वेगळी भाषा म्हणून जोडली की निम्मा त्रास संपतो. उरलेला निम्मा 'ऱ्या'चा. नानांच्या लिखाणात एके ठिकाणी होतं, 'आचार्यांना बोलावलं'. मी चक्रावले, मिलच्या जेवणावळीत आचार्य कुठले? ते होते आचारी! 'आचाऱ्यांना' हवं होतं. दर्या आणि दऱ्या यांचंही तेच. म्हणून कीबोर्ड पारखताना 'आचाऱ्यांना' हा शब्द लिहून बघाच.

गंमत म्हणजे 'ॲप' हा शब्दसुद्धा तीन तऱ्हांनी लिहिला जातो. मराठीतल्या ॲ या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा २००८ मध्ये मिळाली. त्याआधी कुणी ऍ वापरायचं, कुणी अ वर अर्धचंद्र चढवायचं. वाचणाऱ्याला तिन्ही एकच वाटतात, फोनला नाही. एका तऱ्हेने लिहिलेलं दुसऱ्या तऱ्हेने शोधलं तर पुष्कळदा सापडत नाही. एकच तऱ्हा धरून राहावं.

जुन्या मजकुराचं दुखणं निराळं. नानांनी २००४ च्या सुमारास काही पानं टाइप करून घेतली होती, त्यांची सीडी कपाटात होती. फोनवर उघडली तर सगळी इंग्रजी अक्षरांची खिचडी. त्या काळचे डीटीपीचे फाँट इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवत. कितीही ॲप बदला, उपयोग नाही. फाँटचं नाव शोधून ते युनिकोडमध्ये बदलणारं साधन लागतं. पण मजकूर शाबूत असतो, टाकून देऊ नका. याउलट जुन्या विंडोजच्या नोटपॅडमध्ये मराठी फाइल 'अँसी' पद्धतीत सेव्ह झाली, तर उघडताना नुसती प्रश्नचिन्हं दिसतात आणि ती परत अक्षरं होत नाहीत. २०१९ च्या विंडोज १० पासून नोटपॅड आपणहून यूटीएफ-८ धरतं. घरात जुना संगणक असेल तर सेव्ह करताना एवढं पाहून घ्या.

नानांची फाइल आता दर रविवारी तीन ठिकाणी जाते : माझ्या फोनवर, नणंदेच्या ईमेलवर आणि एका पेनड्राइव्हमध्ये. फाइलच्या नावात तारीख असते, म्हणजे गोंधळ नको. शेजारच्या काकूंनीही परवा मार्कर घालून घेतलं. आठवतील तेवढ्या ओव्या पुन्हा लिहायला बसल्या आहेत. जळगावची मामेबहीण फोनवर सांगते, त्या टिपून घेतात. सत्तावीस झाल्या.