स्प्रिंग रिव्हर्ब आणि सर्फ गिटार : काही रूढ समज

1960 नंतरच्या आरंभीच्या वर्षांत दक्षिण कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर जे 'सर्फ' वाद्यसंगीत नावारूपास आले, त्यातील गिटारचा पाण्याचा थेंब टपकावा तसा नाद, म्हणजे स्प्रिंगांच्या कंपनातून घुमणारा 'स्प्रिंग रिव्हर्ब', हल्ली एका लहानशा पेडलमधून मिळवता येतो. तथापि अशा पेडलच्या निवडीविषयी हौशी वादकांत जे समज दृढमूल झाले आहेत, त्यांची झडती खरेदीपूर्वीच घेतलेली बरी.

समज : सर्फ संगीत जन्मापासूनच रिव्हर्बमध्ये भिजलेले होते.

वस्तुस्थिती : या प्रकाराचा आद्य दाखला म्हणून गिटारवादक डिक डेलच्या ज्या 'लेट्स गो ट्रिपिन' (1961) या ध्वनिमुद्रिकेचा उल्लेख होतो, तीत स्प्रिंग रिव्हर्बचा मागमूसही नाही. फेंडर कंपनीचे स्वतंत्र रिव्हर्ब युनिट त्याच वर्षी आले. आणि रिव्हर्बची गरज आपल्याला प्रथम भासली ती गाण्याच्या आवाजासाठी, असे डेल स्वतःच सांगत असे. जाड तारा आणि प्लेक्ट्रमचे वेगवान, जोरकस आघात हाच या शैलीचा पाया होय. त्याची उणीव कोणतेही पेडल भरून काढीत नाही.

समज : ॲम्प्लिफायरमधला रिव्हर्ब आणि स्वतंत्र युनिट ही एकच चीज.

वस्तुस्थिती : फेंडरने 1963 मध्ये व्हायब्रोव्हर्बपासून ॲम्प्लिफायरमध्येच रिव्हर्ब बसवला खरा, परंतु त्याचा अंमल बहुधा एकाच बटणावर चालतो. स्वतंत्र युनिट गिटार आणि ॲम्प्लिफायर यांच्या मध्ये बसते व त्यास ड्वेल, मिक्सर आणि टोन अशी तीन बटणे असतात : ड्वेलने स्प्रिंगांना किती जोराने चेतवावे हे ठरते, तर मिक्सरने मूळ स्वरात त्यांचा नाद किती मिसळावा हे. सर्फच्या नादाचे मर्म या दोहोंच्या फारकतीत असल्यामुळे ज्या पेडलवर ड्वेल नाही, त्याची शिफारस सहसा करू नये.

समज : आत खऱ्या स्प्रिंगा असल्या, की पेडल अस्सल.

वस्तुस्थिती : स्प्रिंगमधून निरनिराळ्या कंप्रतांच्या लहरी निरनिराळ्या वेगाने जातात व त्यामुळे आघाताचा नाद पसरून तो 'टपका' उमटतो, त्यासाठी फेंडरच्या युनिटमधील सुमारे 43 सेंटिमीटर लांबीच्या टँकइतका (स्प्रिंगा बसवलेल्या पेटीइतका) अवकाश लागतो, जो तळहाताएवढ्या डबीत मावत नाही. मोठ्या आकाराच्या सर्फीबेअर या रिव्हर्ब युनिटमध्ये व्हॉल्व्हऐवजी ट्रान्झिस्टर आहेत, पण टँक पूर्ण लांबीचा आहे. उलटपक्षी कॅटलिनब्रेडचे टोपँगा आणि बॉसचे एफआरव्ही-1 या पेडलांत एकही स्प्रिंग नसून फेंडरच्या युनिटची नक्कल डिजिटल गणिताने केलेली आहे. शिवाय खऱ्या टँकला धक्का लागला तर गडगडाट होतो आणि ट्रान्सफॉर्मर जवळ असल्यास गुणगुण येते.

समज : रिव्हर्ब जितका अधिक, तितका सर्फ अधिक.

वस्तुस्थिती : मिक्सर अतोनात वाढवल्यास वेगवान स्वर परस्परांत मिसळून गढूळ होतात, आणि रिव्हर्बनंतर डिस्टॉर्शन जोडल्यास उरलासुरला रेखीवपणाही लयास जातो. म्हणून दुकानात परीक्षा घेताना ॲम्प्लिफायरचा आवाज स्वच्छ ठेवावा, ड्वेल चढवून मिक्सर मध्यावर आणावा आणि ब्रिजपाशी तळहाताने तार दाबून एकेक स्वर जोराने छेडावा : टपका स्पष्ट उमटला आणि मागाहून येणारा स्वरही सुटा ऐकू आला, तर किंमत व छाप यांची चौकशी त्यानंतर करावी.