मारुतची कंबर

सुटे भाग जोडून विमानाची प्रतिकृती करण्याचे प्लॅस्टिकचे संच मोठ्या शहरांतल्या दुकानांत मिळतात. मिग-२१, स्पिटफायर अशी नावाजलेली विमाने त्यांत हटकून असतात. भारतात आरेखन होऊन भारतातच तयार झालेले पहिले जेट लढाऊ विमान, एचएफ-२४ ‘मारुत’, मात्र त्यांत सहसा दिसत नाही. याचे कारण खर्चाचे आहे. वितळलेले प्लॅस्टिक दाबाने भरण्यासाठी पोलादी साचा लागतो आणि तो इतका महाग असतो की हजारो संच खपले तरच परवडतो. कमी खपाच्या विमानांसाठी सिलिकॉन रबराच्या साच्यात रेझिन ओततात, नाहीतर तापवलेला प्लॅस्टिकचा पत्रा ठोकळ्यावर ठेवून खालची हवा ओढून घेतात. अशा संचांत खुंट्या आणि खाचा नसतात, दोन अर्धे भाग एकमेकांशी जुळत नाहीत, पंख घासून घासून बसवावे लागतात. अनुभवी माणूसही त्यापुढे हात टेकतो.

वाशिमला मुलांबरोबर मारुत करायचे ठरवले तेव्हा आमच्यापुढे तोही संच नव्हता. सुताराकडचे सावरीच्या लाकडाचे तुकडे, पुठ्ठा, फेव्हिकॉल, पॉलिश पेपर आणि फर्निचरवाले फटी बुजवायला वापरतात ती लांबी, एवढ्यावर काम भागवायचे होते. विज्ञान शिकवण्याच्या दृष्टीने हे तयार संचापेक्षा बरेच, असे आमचे मत आहे.

पहिला धडा प्रमाणाचा. विमानांच्या प्रतिकृतींत १:७२ हे प्रमाण फार चालते. सहा फूट म्हणजे ७२ इंच, म्हणून सहा फुटी माणूस या प्रमाणात बरोबर एक इंचाचा होतो. मारुतची लांबी १५.८७ मीटर, पंखांचा विस्तार ९ मीटर, उंची ३.६ मीटर. ७२ ने भागले की अनुक्रमे सुमारे २२ सें.मी., १२.५ सें.मी. आणि ५ सें.मी. येतात. इथपर्यंत मुले झटकन पोहोचतात. मग विचारावे: रिकाम्या मारुतचे वस्तुमान सुमारे ६,२०० किलो, तर प्रतिकृतीचे किती? बहुतेकांचे उत्तर ६,२०० भागिले ७२ असे येते, म्हणजे ८६ किलो! हातात मावणारी वस्तू वर्गातल्या मुलापेक्षा जड कशी, असे विचारले की हशा पिकतो. घनफळ ७२ × ७२ × ७२, म्हणजे ३,७३,२४८ पटीने घटते, म्हणून उत्तर येते सुमारे १७ ग्रॅम. भरीव लाकडाची प्रतिकृती याहून जड भरते. खरे विमान आतून बहुतांशी पोकळ असते, हे त्यातून आपोआप निघते. जाडीचेही तसेच. एक मि.मी. जाडीच्या पुठ्ठ्याचा पंख केला तर त्याची मागची कडा खऱ्या विमानात ७२ मि.मी. जाड असल्यासारखी होते. म्हणून ती कडा कागदाइतकी पातळ होईतो घासावी लागते. इथे घाई करणाऱ्याचे पंख मोडतात.

खरी अडचण धडाची. मारुतचे धड सरळ नळकांडे नाही. पंख जिथे जोडले आहेत तिथे ते आवळलेले आहे. ही कंबर शोभेसाठी नाही. विमान ध्वनीच्या वेगाजवळ पोहोचले की समोरच्या हवेला बाजूला सरकायला पुरेसा अवधी मिळत नाही आणि रोध एकदम वाढतो. १९५२ च्या सुमारास अमेरिकेत रिचर्ड व्हिटकॉम्ब यांनी दाखवले की हा रोध नुसत्या धडाच्या किंवा नुसत्या पंखाच्या आकारावर ठरत नाही. नाकापासून शेपटापर्यंत विमानाचे आडवे छेद घेतले, तर त्यांचे एकूण क्षेत्रफळ किती हळुवार बदलते यावर तो ठरतो. पंखाने जेवढे क्षेत्रफळ वाढवले, तेवढे धडाने कमी करायचे.

हे फळ्यावर सांगून पटत नाही, मोजून पटते. धड आणि पंख लांबी भरून, रंग देऊन जलाभेद्य करावेत. हवा आत घेण्याची तोंडे बुजवावीत. धडावर दर सेंटिमीटरला रेघ मारावी. पंख आत मावतील असा खोल डबा पाण्याने भरून दहा किलोच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवावा. शेपटाला काडी जोडून प्रतिकृती नाकाच्या बाजूने सरळ पाण्यात उतरवावी, पण तळाला किंवा कडेला टेकू देऊ नये. प्रत्येक रेघ पाण्याच्या पातळीशी आली की काट्याचा आकडा लिहावा. बाजूला सारलेल्या पाण्याच्या वजनाइतकी वाढ काट्यावर दिसते, म्हणजे एक ग्रॅमला एक घन सें.मी. दोन लागोपाठच्या आकड्यांतला फरक हेच त्या सेंटिमीटरातले सरासरी छेद-क्षेत्रफळ. आर्किमिडीजचे तत्त्व सातवी-आठवीत शिकवतो ते इथे विमानशास्त्राच्या कामाला येते. आलेख काढून झाला की कंबरेत प्लॅस्टिसिन भरून धड सरळ करावे आणि पुन्हा मोजावे. पंखांच्या जागी आलेखावर उंचवटा दिसतो. पंखाखाली हवेचे बुडबुडे अडकत नाहीत ना, तेवढे मात्र पाहावे.

पुढचा प्रश्न मुलेच विचारतात: एवढी कंबर आवळूनही मारुत ध्वनीच्या पलीकडे का गेले नाही?

मारुतचे आरेखन कुर्ट टांक या जर्मन अभियंत्याच्या नेतृत्वाखाली बंगळूरला झाले. ते १९५६ मध्ये भारतात आले. आधी पूर्ण आकाराचे लाकडी ग्लायडर बांधले गेले, म्हणजे एकास एक प्रमाणाची प्रतिकृतीच. १९५९ मध्ये डकोटा विमानाने ते ओढत वर नेऊन सोडत आणि चाचणी घेत. १७ जून १९६१ रोजी विंग कमांडर सुरंजन दास यांनी पहिले खरे मारुत उडवले. आराखडा ध्वनीच्या दुप्पट वेगाचा होता. त्यासाठी हवे होते ऑर्फियस १२ हे ब्रिटिश इंजिन. त्याचा विकास ब्रिटनने सोडला आणि भारतानेही त्यासाठी पैसे घातले नाहीत. शेवटी कमी ताकदीची दोन ऑर्फियस ७०३ इंजिने बसवली. सरळ उड्डाणात विमान ध्वनीच्या वेगाच्या आसपासच राहिले. जास्त जोर मिळवण्याचे प्रयत्न पुढे चालू राहिले. १९७० मध्ये मारुतच्याच उड्डाणात दास यांचा मृत्यू झाला. एकूण १४७ मारुत बांधली गेली आणि १९७१ च्या युद्धात राजस्थान सीमेवर ती लढली.

मुंबईला वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात सहल नेली, तर तिथे ठेवलेल्या मारुतची कंबर वर्गाला डोळ्यांनी पाहता येते. प्रतिकृतीच्या शेपटात शेजारी शेजारी असलेल्या इंजिनांच्या दोन तोंडांसाठी जुन्या स्केचपेनच्या नळीचे तुकडे बरे बसतात. ते पाण्याच्या प्रयोगानंतर चिकटवावेत.