घाट चढायचा तर बोजा उतरवा

“गाडी धक्के खातेय. अशानं कपलिंग तुटेल,” नाना म्हणाले.

गाडी खरी नव्हती. जेल रोडवरच्या आमच्या घरात, टेबलावरच्या संगणकाच्या पडद्यावर ती कसारा घाट चढत होती. कसारा सुटल्यावर पहिली काही मिनिटं बरी गेली. पुढं एहेगावचा पूल जवळ यायला लागला आणि चित्र अडखळायला लागलं. क्षणभर सगळं गोठायचं, मग गाडी एकदम शंभर फूट पुढं उडी मारायची आणि पुन्हा गोठायची. पुलावर तर ती उभीच राहिली. नानांनी चष्मा काढून खिशात ठेवला आणि खुर्चीचं तोंड खिडकीकडे वळवून घेतलं.

मला वाईट वाटलं ते गाडीचं नव्हे. वर्षभरापूर्वी न्हाणीघरात पडून नानांच्या खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन नीट झालं, पण जिना उतरणं बंद झालं. आई आधीच गेलेली. ब्याऐंशी वर्षांचे नाना तेव्हापासून जवळजवळ बोलेनासेच झाले. रात्री नाशिक रोड स्टेशनच्या बाजूनं इंजिनाचा भोंगा आला की तेवढी मान वळायची. रेल्वेत चाळीस वर्षं काढलेली, त्यातली बरीचशी इगतपुरीला, घाटातल्या इंजिनांवर. म्हटलं, नानांना घाटात नेता येत नाही, तर घाटच नानांकडे आणावा.

वाचकांपैकी बऱ्याच घरांत हा खेळ मुलांनी खेळलेला असेल. मायक्रोसॉफ्टनं २००१ साली ‘ट्रेन सिम्युलेटर’ बाजारात आणला. संगणकावर आगगाडी चालवायची, वेळापत्रक सांभाळायचं, सिग्नल पाळायचे. त्यात अमेरिका, इंग्लंड, ऑस्ट्रिया आणि जपानमधले मिळून सहा मार्ग होते, भारतातला एकही नव्हता. मात्र नवे मार्ग तयार करण्याची साधनं सोबत दिलेली होती आणि जगभरच्या हौशी मंडळींनी ती मनसोक्त वापरली. आज त्याच धर्तीचा ‘ओपन रेल्स’ हा खेळ फुकट मिळतो आणि जुने मार्ग त्यातही चालतात. मी बँकेतून निवृत्त झालेला माणूस. हाताशी वेळ होता. सहा-सात महिने खपून मी कसारा ते इगतपुरी एवढा तुकडा उभा केला.

तुकडा लहान, पण मानी आहे. जेमतेम चौदा-पंधरा किलोमीटरांत रेल्वे इथं सुमारे तीनशे मीटर वर चढते. सर्वांत खडा चढ सदतिसास एक, म्हणजे सदतीस मीटर पुढं गेलं की एक मीटर वर. रस्त्याच्या मानानं हा चढ काहीच नाही, पण लोखंडी चाक लोखंडी रुळावर चढवायचं तर हे फार होतं. जेम्स बर्कली या मुख्य अभियंत्याच्या देखरेखीखाली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेनं हे काम हाती घेतलं आणि १८६५ साली गाडी इगतपुरीला पोचली. बर्कली मात्र १८६२ मध्येच वारला होता. सुरुवातीला घाटात एका जागी गाडी थांबवून, इंजिन दुसऱ्या टोकाला लावून, तोंड फिरवून पुढचा चढ चढावा लागे. १९३० साली वीज आली, पण चढ तिथंच राहिला. म्हणून कसाऱ्याला गाडीच्या मागं दोन किंवा तीन जादा इंजिनं लागतात. त्यांना बँकर म्हणतात. पुढचं इंजिन ओढतं, मागची ढकलतात. इगतपुरीला बँकर सुटतात आणि पुढच्या गाडीसाठी खाली कसाऱ्याला येतात. आणखी एक गंमत म्हणजे मुंबईहून निघालेली गाडी ‘डाऊन’ आणि मुंबईकडे जाणारी ‘अप’. त्यामुळं आमच्या घाटात डाऊन गाडी चढते आणि अप गाडी उतरते!

हे सारं मी हौसेनं उभं केलं. पण संगणकातला डोंगर म्हणजे नुसता सांगाडा असतो. त्याला डोंगरपण येतं ते वर चढवलेल्या चित्रांमुळं. काळ्या पाषाणाच्या भिंतीवर पाषाणाच्या फोटोचा कागद डकवायचा, स्टेशनच्या ठोकळ्यावर स्टेशनचा. या कागदाला ‘टेक्स्चर’ म्हणतात. मी सकाळच्या गाडीनं कसाऱ्याला जाऊन दुपारच्या गाडीनं परत यायचो आणि येताना डब्याच्या खिडकीतून फोटो काढायचो. पावसाळ्यातलं शेवाळ, करवंदाच्या जाळ्या, बोगद्याच्या तोंडाचे घडीव दगड. असे दीडशे फोटो जमले. कुठंही कंजुषी नको म्हणून सगळे मोठ्या आकारात चढवले. त्याचं फळ पुलावर मिळालं.

दुकानदारानं सरळ सांगितलं, “काका, कार्ड जुनं झालं. नवं टाका.” किंमत ऐकून मी घरी आलो. नानांना म्हटलं, “नवं कार्ड घेतलं तर चालेल म्हणतात.”

नाना बऱ्याच दिवसांनी एका दमात दोन वाक्यं बोलले. “म्हणजे बँकर लावा म्हणतात. बँकर नसेल तर बोजा कमी करायचा, एवढं साधं आहे.”

बोजा कमी करायचा म्हणजे फायली लहान करायच्या, हे मला कळत होतं. मी सगळे फोटो दाबून बसवले. एकेक फाईल एका एमबीच्या आत आली. गाडी सोडली, पुलावर पुन्हा ठप्प! शेवटी पुण्याला शिकणारी माझी मुलगी सुट्टीत आली, तिनं माझी चूक दाखवली. ती चूक सांगण्यासारखी आहे, कारण मोबाईलमध्ये फोटो साठवणारे आपण सगळेच ती करतो.

पूर्वी प्रवासाला होल्डॉल न्यायचे, आठवतो? गादी, उशी, चादर सगळं त्यात गुंडाळून पट्टे आवळले की हातात मावायचं. पण बर्थवर उघडलं की गादी पुन्हा गादीएवढीच. फोटोची नेहमीची जेपेग फाईल ही अशी होल्डॉलमधली गादी आहे. डिस्कवर ती लहान दिसते, पण ग्राफिक्स कार्डाला ती वापरायची तर पूर्ण उलगडावीच लागते. माझा एकेक फोटो २०४८ ठिपके लांब आणि तेवढेच रुंद, म्हणजे जवळजवळ बेचाळीस लाख ठिपके. प्रत्येक ठिपक्याला चार बाइट. एका फोटोला सोळा एमबी झाले, दीडशे फोटोंना चोवीसशे. आणि कार्डाची सगळी जागा एक हजाराच्या आसपास! यार्डात रिकामी लाइन नसली की येणारी गाडी बाहेरच्या सिग्नलला उभी राहते, तसं हे झालं. पुलाजवळ दऱ्या, बोगदे, झाडी सगळं एकदम दिसायला लागतं. कार्डात जागा नाही म्हणून जुनी चित्रं बाहेर काढून नवी आत घ्यायची, तोवर गाडी गोठलेली.

यावरचा तोडगा १९९८च्या सुमारास एस-थ्री नावाच्या ग्राफिक्स कंपनीनं काढला आणि मायक्रोसॉफ्टनं तो लगेच आपल्या प्रणालीत घेतला. त्याला डीएक्सटी म्हणतात. २०१७ मध्ये त्याचं पेटंटही संपलं. यातली चित्रं कार्डात गेल्यावरही दाबलेलीच राहतात आणि जेवढा तुकडा रंगवायचा तेवढाच ऐनवेळी उलगडतो. म्हणजे गादी न उघडता झोपण्याची सोय!

याची युक्ती मला येवल्याच्या पैठणीवरून समजली. धूपछाँव पैठणीत उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या, पण डोळ्याला मधल्या छटा दिसतात. इथं चित्राचे चार बाय चार, म्हणजे सोळा ठिपक्यांचे चौकोन पाडतात. प्रत्येक चौकोनात दोनच रंग नोंदतात. त्यांच्या मधल्या दोन छटा संगणक स्वतः काढतो. मग प्रत्येक ठिपक्यानं या चारांपैकी आपला रंग कोणता एवढंच सांगायचं. चौसष्ट बाइटचा मजकूर आठ बाइटमध्ये मावतो. एक अष्टमांश! त्यासोबत प्रत्येक चित्राच्या निम्म्या, पाव अशा लहान लहान प्रतीही ठेवतात. दूरच्या डोंगराला लहान प्रत, जवळच्याला मोठी. या प्रतींनी बोजा एक तृतीयांशानं वाढतो, पण दूरचं दृश्य चमचमत नाही.

अर्थात फुकट काही मिळत नाही. दगड, माती, गवत यांत शेजारचे ठिपके एकमेकांसारखेच असतात, तिथं डोळा फसतो. पण एकाच चौकोनात लाल, हिरवा, पांढरा असे तीन भांडखोर रंग आले की दोन धाग्यांत ते बसत नाहीत. पाटीवरची बारीक अक्षरं चिखलात पडल्यासारखी होतात. निरभ्र आकाशात पट्टे उमटतात. आणि एकदा गेलेला बारकावा परत येत नाही, म्हणून मूळ फोटो वेगळे जपून ठेवायचे. हा धडा मी एक बोगदा गमावून शिकलो.

तेव्हा प्रश्न उरला तो काय टाकायचं आणि काय ठेवायचं याचा. दीडशे चित्रांची यादी घेऊन मी नानांच्या खुर्चीशेजारी बसलो. करवंदाची जाळी? “लहान कर. ड्रायव्हर करवंदं खायला जात नाही.” स्टेशनवरचा वडापावचा गाडा? जरा विचार करून, “लहान कर.” सिग्नल? “त्याला हात लावायचा नाही.” किलोमीटरचे खांब, वेगाच्या पाट्या, बोगद्यांची तोंडं, सगळं ठेवायचं. घाटात मोकाट सुटलेली गाडी अडवण्यासाठी डोंगराकडे चढणारी एक आंधळी लाइन असते, तिला कॅच सायडिंग म्हणतात. तिचे सांधे मी शोभेची वस्तू समजून लहान केले होते. नानांनी मला पंधरा मिनिटं सुनावलं. वर्षभरात पहिल्यांदाच मला बोलणी बसली आणि ती मी आनंदानं ऐकली.

बहुतेक चित्रं ५१२ ठिपक्यांवर आणून डीएक्सटीत बसवली. दहा-बारा जरा मोठी ठेवली, सिग्नल-पाट्या न दाबता तशाच. चोवीसशे एमबीचा बोजा पन्नासाच्या आत आला. सेकंदाला सात-आठ चित्रं दाखवणारा पडदा पस्तीस-चाळीस दाखवायला लागला. गाडी पुलावरून लोण्यातून सुरी जावी तशी गेली. मी नानांकडे पाहिलं. ते नुसते बघत होते.

“बरोबर आहे ना?” मी विचारलं.

“असेल. मी हे फारसं पाहिलेलं नाही.”

मला कळेना. मग त्यांनी सांगितलं. घाटातली त्यांची बरीचशी वर्षं बँकरवर गेली. चित्तरंजनला बनलेली डब्ल्यूसीजी-२ इंजिनं तेव्हा मागं लागायची. मागच्या इंजिनातून पुढचा रस्ता दिसत नाही. समोर शेवटच्या डब्याची पाठ. पुढच्या ड्रायव्हरनं भोंगा दिला की आपण उत्तराचा भोंगा द्यायचा आणि ढकलायला लागायचं. पूल आला हे आवाज बदलला की कळायचं, बोगदा आला हे अंधार झाला की. पन्नास वर्षं मी त्यांचा मुलगा आहे. सुट्टीत इगतपुरीच्या प्लॅटफॉर्मवर उभा राहून मी गाडीच्या पुढच्या इंजिनाला हात करायचो, हेही तेव्हाच आठवलं.

खेळात मागच्या इंजिनात बसायची सोय आहे. तिथं गेलो तर समोर डब्याची पाठ म्हणजे नुसता तांबूस डाग! ती कुणाला दिसणार, म्हणून तिचं चित्र मी सगळ्यांत आधी १२८ ठिपक्यांवर आणलं होतं. बोजा उतरवताना पहिलं ओझं म्हणून मी फेकलं ते नेमकं नानांच्या डोळ्यांसमोरचं होतं.

“इथं पिवळी फुली असायची,” नाना पडद्यावर बोट ठेवून म्हणाले. “मोठी. शेवटच्या डब्याची खूण. रंग उडालेला असायचा.”

मूळ फोटो जपले होते म्हणून बरं. ती पाठ १०२४ ठिपक्यांची, अजिबात न दाबता परत बसवली. पाच-सव्वापाच एमबी गेले, जाईनात का! रंग किती उडालेला हवा यावर दोन दिवस आमची चर्चा चालली.

हल्ली संध्याकाळी चहा झाला की नाना आपणहून खुर्ची टेबलाकडे वळवतात. मी पुढचं इंजिन घेतो असं म्हणायचं, खरं तर संगणकच ते चालवतो. भोंगा वाजतो. नाना समोरच्या पिवळ्या फुलीवरची नजर न हलवता कीबोर्डची लांब पट्टी दाबतात, उत्तराचा भोंगा देतात आणि मला विचारतात, “आज डबे किती?”